घासून काढलेले घर

यर्नेय मलेयच्या डोंगरांत माणूस नसे. कडा असे, कड्यावरचा बर्फ असे, बर्फाच्या पोटातली निळी सावली असे, शरदात सुयांसारखी पाने पिवळी पडलेली लार्चची झाडे असत, आणि खाली कागदाच्या कोऱ्या कडेला शिसपेन्सिलीने केलेली बारीक सही. सोचा नदीच्या वरच्या खोऱ्यात ही चित्रे कुठेही दिसत. दातांच्या डॉक्टरकडे, टपाल कचेरीत, डोंगरावरच्या विश्रामघरांत, नव्या नवरानवरीच्या पलंगावर. लोक म्हणत, कसं शांत वाटतं बघ. यर्नेयला ते ऐकून बरे वाटे. पण शांतता डोंगरावर पडलेली नसते, ती घासून करावी लागते, हे त्याला ठाऊक होते.

कारण जागेवर बसला की त्याचा हात समोर दिसेल ते सगळे काढी. जस्ताचा पत्रा, त्यावर काळ्या रोगणाचा पातळ लेप, आणि त्या लेपावर सुई, डावे-उजवे उलटून, म्हणजे छापात सुलटे उतरावे. कडा निघे तशी कड्याखालची गवळ्याची झोपडी निघे, तिचा धूर निघे, गुरांचे कुंपण, वाटेवरचा लाकडी क्रूस, कधी विजेचा खांबसुद्धा. मग घरी येऊन पत्रा तेजाबात. जिथे सुईने रोगण उकलले तिथे तेजाब जस्त खाई, आणि त्या खाल्लेल्या रेघांत शाई बसे. एका चित्राला तीन पत्रे लागत: पिवळा, तांबडा, निळा. पिवळा आणि तांबडा नुसते रंग देत. सगळे रेखाटन निळ्यावर असे. पहिला छाप दोरीवर वाळत घातला की यर्नेय खिडकीपाशी बसे आणि निळ्या पत्र्यावरून माणसे काढायला लागे. आधी तीन धारांच्या खरवडणीने जस्त सोलायचे, मग तेलाचा थेंब टाकून पोलादी घोटणीने ती जागा आरशासारखी गुळगुळीत करायची. गुळगुळीत जागेवर शाई धरत नाही. एक घर काढायला एक दुपार पुरे. ते बांधायला किती वेळ लागला असेल, हा विचार त्याच्या मनात कधी आला नाही.

हे त्याला शिकवले विश्रामघराच्या रुडीने. रुडी त्याची चित्रे येणाऱ्या-जाणाऱ्यांना विके. "शहरातले लोक एकमेकांना कंटाळून इथे येतात रे," रुडी म्हणाला होता. "भिंतीवर पुन्हा माणूसच टांगायचा? घरं काढून टाक. जिथे कुणी गेलं नाही असं वाटेल, ते जातं."

"आपण तर जातो," यर्नेय म्हणाला.

"आपण मोजणीत येत नाही."

यर्नेयची थोरली बहीण पावला त्याच्याच घरात, खालच्या मजल्यावर राही. तिला हे कधी पटले नाही. विधवा, चर्चला नेमाने जाणारी, तोंडाची फटकळ. दोरीवरच्या ओल्या छापांखालून वाकून जाताना ती म्हणे, "तुझ्या डोंगरावर देव तरी राहतो का? का त्यालाही दुपारी बसून घासलास?"

"देव दिसत नाही. दिसला असता तर घासला असता."

"घासला असतास. रुडीने सांगितलं असतं तर."

यर्नेयचा बाप जस्ती पत्र्याची छपरे घाली. जस्ताची सवय घरातलीच. तरुणपणी दोन हिवाळे लुब्लियाना शहरात राहून यर्नेय हे काम शिकून आला, गावच्या शाळेत चित्रकला शिकवू लागला, आणि सुट्टी लागली की पाठीवर पत्रे बांधून वर जाई. लग्न केले नाही. कुणी विचारले तर म्हणे, हाताला तेजाबाचा वास येतो, कोण धरणार. तो काटकसरी होता आणि ही काटकसर बापाकडून आलेली. पत्र्याच्या दोन्ही बाजू वापरी. खरवडलेल्या जागी पत्र्यावर बशीसारखा खळगा पडतो. तो मागून हळूहळू ठोकून वर आणायचा असतो, नाहीतर त्यात शाईचा पुसट डाग राहतो. यर्नेय ठोकत नसे, कारण मागची बाजू पुढच्या चित्रासाठी कोरी हवी. डाग राहिला तर म्हणे, ढगाची सावली आहे. कच्ची रेखाटने आणि पहिले छाप तो पावलाला चूल पेटवायला देई.

पोद्स्तेन गावाच्या डोक्यावर व्रान्याचा कडा. त्याच्या पोटाला पोलित्सा नावाचे उन्हाळी कुरण होते, आणि तिथे उर्बान गुरे राखी. तिल्काचा एकुलता एक मुलगा. जूनमध्ये गावाची गुरे घेऊन वर जायचे, चीज करायचे, पाने गळायला लागली की उतरायचे. पोलित्साचे चित्र यर्नेयच्या हातून निघालेले सगळ्यात चांगले, असे सगळे म्हणत. उर्बानने ते एकदा पाहिले होते. यर्नेयकडे चीज द्यायला आला होता, डोक्यावरची टोपी न काढता दोरीपुढे उभा राहिला आणि नाक कागदाला लावून शोधत राहिला.

"यर्नेयकाका, आमचं घर कुठाय?"

"काढलं."

"आणि गायी?"

"त्याही."

उर्बान हसला. "बरं केलंस. आईने ते भिंतीवर लावलं असतं आणि रोज म्हणाली असती, दार उघडं का टाकलंयस, धूर एवढा का होतोय." मग जाता जाता दारातून वळून म्हणाला, "एखादी गाय ठेवायची होतीस. सगळ्यात मागची."

पुढे बऱ्याच वर्षांनी एका सप्टेंबरात पाऊस थांबेना. एका सकाळी पोद्स्तेनच्या लोकांना वरून गडगडाट ऐकू आला. ढगांचा असेल म्हणून कुणी मान वर केली नाही. दुपारी गुरे उतरली. एरवी उतरतात तेव्हा पुढच्या गाईच्या शिंगांना फुले आणि आरसे असतात, सगळा गाव रस्त्यावर येतो, बाजा वाजतो. ही गुरे एकटीच उतरली, पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, नुसत्या घंटा. अंगावर पांढरी धूळ. तिल्का फाटकात उभी राहून शेवटची गाय जाईपर्यंत पाहत राहिली, आणि त्यानंतरही.

व्रान्याची एक बाजू खाली आली होती. पोलित्साच्या जागी दगडांचा एक लांबच लांब उतार पडला होता, घराएवढे दगड, त्यांत बैलाएवढे, त्यांत मुठीएवढे. सैनिक आले, बचावाचे लोक कुत्रे घेऊन आले. वरून दगड येत राहिले. कुठे खणायचे हे सांगायला म्हाताऱ्या गवळ्यांना वर नेले. तिघे गेले, आयुष्यभर त्या कुरणावर उन्हाळे काढलेले. झरा गेलेला, मोठा लार्च गेलेला, कुंपण गेलेले. त्यांतल्या ग्रेगाने एका जागी काठी रोवली. दुसऱ्याने त्याच्या पुष्कळ खाली. तिसरा दोघांना वेड्यात काढून आणखी डावीकडे गेला. तिन्ही ठिकाणी थोडे थोडे खणले. मग काम थांबले. फादरने शवपेटीशिवायच प्रार्थना म्हटली.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा तिल्का यर्नेयच्या कामाच्या खोलीत आली. डोक्याचा काळा रुमाल तिने सोडला नाही, खुर्चीवरही बसली नाही. पावला तिच्या मागोमाग कॉफी घेऊन आली आणि दाराशीच थांबली.

"सगळे संत येतात पुढच्या आठवड्यात," तिल्का म्हणाली. पहिल्या नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस, तेव्हा प्रत्येक घर आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावते. "सगळे आपापल्या माणसाकडे जातील. मी कुठे जाऊ?"

"फादरनी क्रूस लावलाय ना आवारात," यर्नेय म्हणाला.

"तिथे माझा मुलगा नाहीये. तिथे क्रूस आहे." तिने दोरीकडे पाहिले. "त्या म्हाताऱ्यांचं तू ऐकलंसच. तीन काठ्या. मी विचारलं ग्रेगाला, बाबा, तुम्ही तिथे तीस उन्हाळे राहिलात, तुम्हाला तुमच्या दाराची जागा माहीत नाही? तर म्हणे, दार होतं तेव्हा माहीत होती."

यर्नेयने कॉफीचा पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"तू बसून काढलंस ना ते," ती म्हणाली. "समोर बसून. वरची धार अजून आहे, तो सुळक्याचा दात आहे, तो डोंगराचा खांदा आहे, ते काही पडलं नाही. तुझ्या चित्रात दाताखाली घर कुठे येतं, तेवढं दाखव. मी वर जाऊन बघीन आणि तिथे दिवा लावीन. तेवढंच. दुसरं काही मागत नाही."

पावला दारातून म्हणाली, "सांग तिला."

"काय सांगू?"

"घर कुठे आहे तुझ्या चित्रात, ते."

यर्नेयने तिल्काला सांगितले, की घर त्याने घासून टाकले आणि ते असलेला पहिला छाप चुलीत गेला. तिने ऐकून घेतले.  म्हणाली, "उर्बान सांगत होता मला. मला वाटलं, थट्टा करतोय."

"पत्रा आहे माझ्याकडे," यर्नेय घाईने म्हणाला. "जिथे घासलं तिथे खूण राहते. मी काढतो छाप. चार दिवस दे."

ती गेल्यावर पावलाने न प्यायलेली कॉफी उचलली. "खूण राहते," ती म्हणाली. "म्हणजे तुझ्या मनात होतं तर, की कधीतरी कुणी मागायला येईल."

"तसं नाही."

"तसं नाहीच. तसं असतं तर घर ठेवलं असतंस."

पोलित्साचा निळा पत्रा फळीवर सगळ्यात तळाशी होता. मागच्या बाजूवर त्याने नंतर एका तळ्याचे चित्र कोरले होते, ते पुष्कळ खपले होते. त्याने पत्रा रॉकेलने धुतला, निळी शाई भरली, खळ लावलेल्या मलमलीने पुसला, शेवटी तळहाताने पुसला. खूप वर्षांनी त्या डोंगरावरून हात फिरत होता. तळहाताला रेघा कळत होत्या, कड्याच्या खरखरीत, बर्फाच्या गुळगुळीत, आणि उतारावर मधूनमधून हात थोडा खाली जात होता. एका जागी नाही. त्याने पुन्हा फिरवला. पुष्कळ जागी.

छाप उघडला तेव्हा उतारावर ढगांच्या सावल्या होत्या. एक इथे, एक त्याच्या खाली, दोन डावीकडे, एक झाडांपाशी. त्याने घर घासून काढले होते, तसे कुंपण काढले होते, गोठा, क्रूस, झऱ्यावरची डोणी, गाय. सगळे सारख्याच नेटकेपणाने काढले होते. आता त्यातले घर कोणते हे त्याला सांगता येईना. तो डोळे मिटून बसला आणि आठवू लागला. सकाळची वेळ. उजवीकडून ऊन. घराचे दार कोणत्या बाजूला? छप्पर फळ्यांचे की पत्र्याचे? काहीच येईना. डोळ्यापुढे छापलेले चित्रच येत राहिले, रिकामे, सुंदर. त्याने ते घर पाहिले होते ते फक्त सुईच्या टोकाने, आणि खरवडताना.

पावलाने वर येऊन दोरीवरचा कागद पाहिला. "हे काय, देवी आल्यात का डोंगराला?"

"यातलं एक घर आहे."

"कुठलं?"

त्याने पत्रा उजेडाकडे तिरका धरला. पावलाने मग थट्टा केली नाही. "मक्याची पोलेंता गार होतेय," म्हणाली आणि खाली गेली.

सकाळी त्याला सुचले. घराचे छप्पर सगळ्यात काळे असते. काळे करायचे म्हणजे तिथे तेजाब सगळ्यात खोल गेलेले असणार. खोल गेलेली रेघ पूर्ण घासली जात नाही, बुडाशी कुठेतरी तिचा केसभर अंश उरतो. पत्र्यावर घट्ट रोगणाचा रूळ फिरवला तर वरची सपाटी झाकली जाईल, खळग्यांत रूळ पोचणार नाही, ते उघडे राहतील. मग तेजाब उरलेल्या रेघा शोधून काढील. छपराच्या तिरक्या रेघा आल्या की ते घर. कुंपणाला छप्पर नसते.

त्याने रूळ फिरवला. इतक्या हलक्या हाताने त्याने कित्येक वर्षांत काम केले नव्हते. खिडकी उघडली, तेजाबाची थाळी पुढे ओढली, पत्रा अलगद सोडला आणि हंसाच्या पिसाने बुडबुडे सारू लागला. खळगे एकेक करून राखाडी झाले. एकात काहीतरी रेघेसारखे दिसले. तो वाकला. बुडबुडे फार येत होते. तेजाब ताजे आहे, त्याला वाटले. थाळीही कोमट लागली. पत्र्याच्या कडांखालून बुडबुड्यांच्या माळा निघत होत्या, आणि तो पिसाने त्या बाजूला सारत राहिला.

अलीकडे जे पत्रे मिळत ते मागून रंग लावूनच येत. तेजाबात सोडण्याआधी पाठ रोगणाने झाकायची असते, ही हाताची जुनी सवय त्यामुळे मोडली होती. या जुन्या पत्र्याची पाठ उघडी होती. ते आठवले तेव्हा त्याने पिसाऐवजी बोटेच थाळीत घातली.

पाण्याखाली धरलेल्या पत्र्यातून खिडकी दिसली. एकाच जागी. वाटाण्याएवढे, वेड्यावाकड्या काठाचे भोक, पलीकडे पांढरे आभाळ. मागचे तळे पार खाल्ले गेले होते, पुढचा कडा फुटक्या काचेसारखा झाला होता. बोटांची कातडी पिवळी पडत चालली होती. यर्नेय बराच वेळ त्या भोकातून पाहत राहिला, आणि मग हळूहळू त्याच्या लक्षात आले. जिथे सगळ्यात खोल खरवडले होते तिथेच पत्रा सगळ्यात पातळ होता. आणि जे सगळ्यात काळे असते तेच सगळ्यात खोल खरवडायला लागते.

तिन्ही पत्रे त्याने एकामागून एक छापले, पिवळा, तांबडा, निळा. कडा खराब आला, आभाळ डागाळले, पण डोंगर ओळखू येत होता. दात होता, खांदा होता, आणि उतारावर एका जागी कागद भोकात शिरून वर आला होता. निळी शाई नसलेला फिका उंचवटा, त्याच्याभोवती निळा काठ.

तिल्काला त्याने बोलावून आणले. तिने चित्राकडे पाहिले नाही, बोट त्या उंचवट्यावर ठेवले. पुन्हा पुन्हा ठेवले, अंधारात दाराची कडी चाचपावी तसे.

"हे?"

"हेच."

"नक्की ना?"

"छप्पर काळं होतं," यर्नेय म्हणाला. "दुसरं काही इतकं काळं नव्हतं तिथे."

"काळंच होतं," तिल्का म्हणाली. "धुराने झालेलं. मी त्याला दर वर्षी सांगत होते, धुऊन घे." आणि आता ती बसली. पावलाने तिच्यापुढे कॉफी ठेवली, त्यात थोडी दारू ओतली, आणि भावाच्या भाजलेल्या बोटांना डुकराची चरबी चोपडून फडके बांधू लागली. कित्येक दिवसांत त्या घरात कुणाला हलके वाटले नव्हते.  यर्नेयला वाटले, एवढे एक बरोबर झाले.

सर्व संतांच्या दिवशी गाव फुले घेऊन दफनभूमीकडे निघाला तेव्हा ते दोघे उलट्या वाटेने वर गेले. तिल्काच्या पिशवीत लाल काचेचा दिवा होता. यर्नेयने चित्र गुंडाळी करून कोटाच्या आत धरले होते. बीचचे रान संपले, लार्च लागले, सुया गळून वाट पिवळी झाली होती. लार्चही संपले. मग दगड.

दिवस स्वच्छ होता. व्रान्याची धार निळ्या आभाळावर सुईने ओढल्यासारखी दिसत होती. यर्नेयने गुंडाळी सोडली आणि दोन्ही हातांनी समोर धरली. दात, चित्रातला आणि वरचा. तो दगडांवरून चढत उजवीकडे सरकला, आणखी थोडा, दात जुळला. मग त्याने खांद्याकडे पाहिले. खांदा कागदात नव्हता. कागदाच्या कितीतरी बाहेर, उजवीकडे लांब, उन्हात होता.

उंची चुकली असेल. तो खाली उतरला, तिल्का थांबली, मग त्याच्यामागे उतरली. खांदा जुळवला, दात सुटला. पुन्हा वर, डावीकडे. एका मोठ्या दगडावर चढून त्याने पाहिले, मग गुडघ्यावर बसून पाहिले.  ती प्रत्येक वेळी त्याच्यामागे येऊन उभी राही, पिशवी दोन्ही हातांत धरून, आणि आता म्हणेल इथे, अशा चेहऱ्याने जमिनीकडे पाही.

मग उभ्या उभ्याच त्याला आठवले. ती सकाळ आठवली. उजवीकडचे ऊन आठवले. पत्रा अरुंद होता, बापाच्या दुकानातला उरलेला तुकडा. दात घेतला तर खांदा बाहेर जात होता, आणि खांद्याशिवाय डोंगर लंगडा दिसत होता. म्हणून त्याने खांदा आत ओढला होता. उतार उभा केला होता. चित्र घट्ट बसले होते, आणि त्या दिवशी उतरताना तो शीळ घालत आला होता.

"काय झालं?" तिल्काने विचारले.

"मी डोंगर सरकवला होता."

"कधी?"

"काढताना. पत्रा लहान होता."

"किती सरकवलास?"

"आठवत नाही."

"अंदाजे सांग."

"अंदाजे सांगून काय करशील, तिल्का? घरही मग सरकलं असणार. सगळंच सरकलं असणार."

तिल्काने वर पाहिले, दात पाहिला, खांदा पाहिला, मग त्याच्या हातातला कागद. "घर काढून टाकलंस ते मी समजू शकले," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "लोकांना नको होतं. पण डोंगर कुणाला नको होता, यर्नेय?"

 वरून कुठूनतरी एक दगड सुटला, टक टक करत खाली गेला आणि थांबला. तिल्का आणखी थोडी चालली, मग चालणे सोडून जिथे होती तिथेच बसली.

"पाय भरून आले," ती म्हणाली. तिने दिवा काढला आणि दोन दगडांच्या मध्ये ठेवला.

"इथे नाही," यर्नेय म्हणाला.

"मग कुठे?"

 तिने काडी ओढली, वाऱ्याने विझली. दुसरी विझली. तिने यर्नेयकडे हात केला, आणि त्याला आधी कळलेच नाही ती काय मागते आहे. मग त्याने चित्र दिले. तिने ते दुमडून दिव्याच्या वाऱ्याकडच्या बाजूने उभे केले, बुडाशी दोन धोंडे लावले. तिसरी काडी लागली. झाकण बसवताना ती हळूच म्हणाली, "उर्बान, मी आलेय. तू असशील तिथून बघ."

मग दोघे बसून राहिले. आडोशाला उभ्या केलेल्या कागदावर त्याची सही उलटी दिसत होती. खाली, दफनभूमीत, गावाचे दिवे लागले असतील, प्रत्येकाचा आपापल्या दगडावर. ऊन धारेमागे गेले तसा दगडांचा रंग एकदम उतरला.

उतरताना लार्चांपाशी पोचल्यावर यर्नेय वळला. दिवा दिसेल असे त्याला वाटले होते. सगळा उतार एकसारखा करडा होता. आत्ता ज्या जागेवरून तो आला ती जागा त्याने शोधली, आधी दाताखाली, मग खाली, मग डावीकडे. तिल्काही थांबली होती. "दिसतोय का?" तिने विचारले.

तीन म्हाताऱ्यांच्या तीन काठ्या वर कुठेतरी उभ्या होत्या. त्यांत आता ही चौथी जागा पडली होती.

"चल," तो म्हणाला, "अंधार व्हायच्या आत रान ओलांडू."